तक्रार : नाही

माणूस मरतो, त्याचा आवाज मरत नाही.

'अंतर्ध्वनी' केंद्राच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर हे वाक्य सोनेरी अक्षरांत, खाली समईचं चित्र काढून छापलेलं होतं. दुसऱ्या पानावर, बारीक टायपात, असं म्हटलं होतं की त्यासाठी संबंधित माणसाने हयातीत त्या दाढेने चावलेलं असणं आवश्यक आहे.

दोन्ही वाक्यांना डॉ. आदिनाथ मगदूम यांची मंजुरी होती. पहिल्याला त्यांनी नाइलाजाने मान डोलावली होती. दुसरं त्यांनी हट्टाने घालायला लावलं होतं, कारण शास्त्रज्ञाने अर्धवट बोलू नये असं त्यांचं मत होतं. आज मिरजेच्या त्या केंद्रातल्या बाकावर बसून ते दोन्ही पानं पहिल्यांदाच गिऱ्हाईक म्हणून वाचत होते. शेजारी त्यांची मुलगी प्रणाली होती. त्यांच्या मांडीवर स्टीलची एक डबी होती. पूर्वी तिच्यात त्यांच्या पत्नी पद्मजाबाई वेलदोडे ठेवत. आता तिच्यात पद्मजाबाईंची दाढ होती.

"बाबा, अजून विचार करा," प्रणाली म्हणाली. "आईचं घरातलं बोलणं. ते असं लोकांसमोर लावायचं?"

"लोक कुठे आहेत? तहसीन आहे फक्त."

"आणि मी."

"तू ऐकलंच आहेस सगळं."

हे खरंच होतं. ऐकलं नव्हतं ते मगदूमांनी.

डॉ. तहसीन सतारमेकर फॉर्म घेऊन स्वतःच बाहेर आली. ती मिरजेतल्या तंबोरे करणाऱ्या घरातली. आजोबा भोपळ्याला टिचकी मारून तो वाजेल की नाही ते सांगायचे. तहसीनने ध्वनिशास्त्रात डॉक्टरेट केली आणि जबड्याला टिचकी मारायला लागली.

"सर, फॉर्म भरावा लागतोय," ती अवघडून म्हणाली. "नियम तुमचाच आहे."

मगदूमांनी फॉर्म भरला. 'मृताशी नातं' या रकान्यात त्यांनी आधी 'संशोधक' असं लिहिलं. मग ते खोडून 'पती' लिहिलं, आणि नियमाप्रमाणे खोडलेल्या जागी बारीक सही केली.

*

दात गेला की जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा. तीन-चार महिने थांबायचं. तेवढ्यात हाड त्या धातूला आपलाच समजून कवटाळतं. मग वर मुकुट चढवायचा. एवढं दंतरोपण सगळीकडेच चालतं. हाडाच्या त्या कवटाळण्याला मगदूमांनी 'अस्थिमिलन' असा शब्द काढला होता, आणि तो वापरणारे महाराष्ट्रात ते एकटेच होते. मुकुटाला पेशंट कॅप म्हणतात. मगदूम सोडले तर डॉक्टरही कॅपच म्हणतात.

मगदूमांचा शोध त्या स्क्रूच्या पोटात होता. त्याला त्यांनी 'नोंदमूळ' हे नाव दिलं. तांदळाच्या दाण्याएवढा दाबविद्युत स्फटिक आणि त्याला लागून स्मृतिकाचेची एक कांडी. बॅटरी नाही, तार नाही; तारीख-वेळ ठेवायला अंगाच्या उबेवर चालणारं सूक्ष्म घड्याळ तेवढं. माणसाने चावलं की स्फटिक दाबला जायचा, वीज निघायची, आणि त्याच विजेवर दाबाची नोंद काचेत कोरली जायची. थुंकी गिळताना दातावर दात टेकतो, तेवढ्याने ते जागं होत नसे. भाकरी, शेंगदाणा, खारीक असं काही नीट जोर देऊन चावलं, म्हणजे दाब साठ न्यूटनच्या वर गेला, की नोंदमूळ जागं व्हायचं, आठ सेकंद लिहायचं आणि पुन्हा झोपायचं. रोपण केलेली दाढ रोजच्या जेवणात नेमका किती भार सोसते हे जगाला कळावं, एवढाच त्यामागचा हेतू. जगाने तसं काही विचारलं नव्हतं.

अडचण एकच होती. काचेतली अक्षरं लेसरखाली वाचावी लागत, आणि त्यासाठी मूळ बाहेर हवं. हाडाने एकदा कवटाळलेलं मूळ काढायचं तर जबड्याचा तुकडाच काढावा लागतो. म्हणून संमतिपत्रात 'वाचन मरणोत्तर' असं लिहिलेलं होतं. चाळीस स्वयंसेवकांनी सह्या केल्या. पहिली सही पद्मजाबाईंची. उजवीकडची खालची पहिली दाढ.

"मी गेल्यावर काय बघायचं ते बघा माझ्या दाढेचं," सही करताना त्या म्हणाल्या होत्या. "जिवंतपणी कुठे बघताय."

मगदूम जिवंतपणीही बघत होते. दर वर्षी ते त्यांना खुर्चीत बसवून तपासत आणि केसपेपरवर लिहीत. हिरडी : निरोगी. हाड : स्थिर. तक्रार : नाही. अकरा वर्षांत अकरा वेळा, त्यांच्याच वळणदार अक्षरात. "ठीक आहे ना?" असं ते विचारत, बाई "ठीक आहे" म्हणत, आणि मगदूम 'नाही' लिहीत. 'केस क्रमांक एक' हे त्यांच्या गाजलेल्या शोधनिबंधाचं पहिलं कोष्टक होतं. नागपूरच्या अधिवेशनात त्यांनी अकराव्या वर्षीच्या मुकुटाचा फोटो भिंतीएवढा करून दाखवला. एक ओरखडा नव्हता. काल बसवल्यासारखा चकचकीत. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. या मुकुटाच्या मानाने, ते म्हणाले, डावीकडचे नैसर्गिक दात किती झिजलेत ते पाहा. डावीकडच्या दाढेत त्यांना दोनदा चांदी भरावी लागली होती. "सुपारी खातेस काय चोरून?" असं त्यांनी खुर्चीत बसवून बाईंना दरडावलंही होतं. बाईंच्या तोंडात तेव्हा कापूस होता. सभागृहाने पुन्हा टाळ्या वाजवल्या.

*

आवाजाचा शोध मगदूमांनी लावला नाही. सातव्या क्रमांकाचे स्वयंसेवक, तासगावचे एक निवृत्त एस.टी. कंडक्टर वारले, त्यांची दाढ आली, आणि वाचन चालू असताना तहसीन म्हणाली,

"सर, चावण्याच्या दाबावर एक बारीक थरथर आहे. तुम्ही ती गोंगाट म्हणून गाळून टाकताय."

"गोंगाटच आहे तो."

"गोंगाट 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणत नाही, सर."

मगदूम उठून तिच्या टेबलापाशी गेले. तिने पुन्हा ऐकवलं. कडम् कडम् असा भाकरी चावल्याचा आवाज, आणि त्यावर स्वार झालेला, विहिरीतून आल्यासारखा एक माणूस नातवंडांना पंगतीत पुढे सरकवत होता.

"हे आलं कुठून?"

"आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो," तहसीन म्हणाली. "एक हवेतून, कानाच्या बाहेरून. दुसरी हाडातून, आतून. म्हणून रेकॉर्ड केलेला आपला आवाज आपल्याला परका वाटतो. त्यात हाडाची वाट नसते. इथं हाडाचीच आहे. बोलताना जबडा थरथरतो, ते मुळापर्यंत पोचलंय."

"मग साध्या दातातून असं कधी कुणाला मिळालं नाही ते?"

"ते तुम्ही सांगा की. दाताचे डॉक्टर कोण?"

मगदूमांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचं त्यांनाच उलगडलं. "खरा दात हाडाला चिकटलेला नसतो. बारीक तंतूंच्या झोळीत टांगलेला असतो. झोळी धक्के खाते. रोपणाला झोळी नाही. ते थेट हाडात."

"झालं तर. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात ती घोडी लाकडी तबलीवर थेट बसवतात. मध्ये उशी घातली तर वाजेल काय?"

"दुसऱ्यांचं बोलणंही सापडेल यात?"

"नाही सापडायचं. ते हवेतून येतं, हाडापर्यंत पोचेतो त्याचं काही उरत नाही. ज्याची दाढ, त्याचंच बोलणं."

"म्हणजे माणूस मेल्यावरही फक्त स्वतःचंच ऐकवणार," मगदूम म्हणाले. हा विनोद होता. त्यांच्या आयुष्यातल्या मोजक्या विनोदांपैकी एक. तो त्यांना पुढे बऱ्याचदा आठवला.

वर्षभरात 'अंतर्ध्वनी' केंद्र उभं राहिलं, आणि नोंदमूळ त्या चाळीस जणांपलीकडेही बसू लागलं. काच बाराशे अंशांपर्यंत शाबूत राहते, टायटॅनियम त्याच्याही पुढे, आणि सरण काही नऊशेच्या वर जात नाही. त्यामुळे दहन झालेल्यांच्या दाढाही व्यवस्थित वाचता आल्या. पण या साऱ्याचा जो तर्कशुद्ध परिणाम होणार होता तो कुणी आधी लक्षात घेतला नव्हता. नोंदमूळ फक्त चावल्यावर जागं होतं. म्हणजे मेलेली माणसं फक्त जेवताना बोलतात.

दिवस करून आलेले नातेवाईक हात जोडून बसायचे. वडील काही सांगून गेले असतील, जमिनीचं, देवाचं, निदान 'सुखी राहा' एवढं तरी. आणि वडील सांगायचे, "आमटीला मीठ नाही." एका घरात भावाभावांत बोलणं नव्हतं, तिथे दोघं आईचा शेवटचा शब्द ऐकायला चार हात अंतर ठेवून बसले. आई म्हणाली, "पुरे. पुरे म्हटलं ना." दोघांनीही तो आपल्यालाच उद्देशून आहे असं मानलं, आणि भांडण मिटलं. अशी यशस्वी प्रकरणं थोडी. जेवताना बोलू नये असं ज्यांच्या घरात वळण होतं, त्या सुसंस्कृत घरांतल्या माणसांनी मागे फक्त चावणं ठेवलं. त्यांची मुलं तेही पूर्ण ऐकायची. एका माजी आमदारांनी तर सावधगिरी म्हणून सुपारी चघळत चघळत सगळं आत्मचरित्र सांगून ठेवलं. त्यातली सुपारी तेवढी स्पष्ट ऐकू येते.

कवलापूरच्या एक सासूबाई मात्र एकट्या जेवताना स्वतःशी पुटपुटत असत. 'चांगली केलीय हो पोरीनं भाजी,' असं त्यांच्या दाढेत एकशे बारा वेळा निघालं. सून केंद्राच्या पायऱ्यांवर बसून रडली. तोंडावर एकदाही म्हणाल्या नाहीत, एवढंच ती म्हणत होती.

मगदूम हे सगळं केंद्राच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून बघत. रोपणाच्या भाराविषयीचं त्यांचं कोष्टक आता कुणी मागत नसे.

*

मगदूमांच्या घरी सूर्यास्ताआधी जेवण. जैन घर, त्यात काही विशेष नाही. पावणेसहाला दवाखान्यातून वर यायचं, हातपाय धुवायचे, पानावर बसायचं. ताटाच्या डाव्या हाताला शोधपत्रिका उघडी. पद्मजाबाई बोलायच्या. बस्तीत देवदर्शनाला कोण भेटलं, पाण्याची मोटार कशी आवाज करतेय, प्रणालीचा फोन, शेजारच्या मुळेबाईंचा गुडघा. मगदूम "हं" म्हणायचे. ते 'हं' त्यांनी इतकं बेताचं कमावलं होतं की ते कोणत्याही वाक्यानंतर बसायचं. नीट बसणाऱ्या गोष्टींचा त्यांना सराव होता.

शेवटच्या संध्याकाळीही असंच झालं. बाई काहीतरी सांगत होत्या. मगदूमांची तेवढ्यात दोन पानं वाचून झाली, म्हणजे चारेक मिनिटं सांगत असाव्यात. तीनदा 'हं' झालं. मग बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "मग काय करू?"

हे त्यांना ऐकू आलं, कारण ते प्रश्नचिन्हाने संपलं होतं.

"तुला ठीक वाटेल ते कर," मगदूम म्हणाले, आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला बस्तीहून परत येताना पद्मजाबाई जिन्यात बसल्या त्या उठल्या नाहीत. हृदयविकाराचा झटका.

त्या चार मिनिटांतला एक शब्द मगदूमांच्या कानात राहून गेला होता. 'डावीकडे.' बाकी काही नाही. आधीचं नाही, नंतरचं नाही. फक्त 'डावीकडे'.

मगदूम तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना बावीस वर्षं एक तास शिकवत आले होते. त्यात ते टेबलावर बोट आपटून सांगत : बाई येते, डावीकडे खालचा जबडा दुखतो म्हणते. दात बघा. दातात काही नसेल तर दाताला हात लावू नका, तिला आधी हृदयाच्या डॉक्टरकडे पाठवा. हृदयाची कळ कधीकधी जबड्यात येते. ओळखलीत तर बाई वाचेल.

डावीकडे मोटार आवाज करत असेल. डावीकडे मुळेबाई राहतात. डावीकडे काहीही असू शकतं. हे सगळं मगदूमांनी तीन आठवडे स्वतःला सांगून पाहिलं होतं. पण बाईंनी विचारलं होतं, मग काय करू. मोटारीचं काय करू, असं असेल का? असेल. त्यांना ते 'असेल' नको होतं. बाईंनी जेवताना सांगितलं होतं, जेवता जेवता, घासाघासाला, आणि आपण ऐकत नव्हतो तरी आपण बसवलेली दाढ ऐकत होती. ह्या एका विचारावर ते तीन आठवडे तग धरून होते. अकरा वर्षांचं सगळं बोलणं तिथे आहे. आधी ती शेवटची संध्याकाळ ऐकायची. मग पहिल्यापासून सगळं. रोज पावणेसहाला, पानावर बसून, पत्रिका न उघडता.

तिसऱ्या दिवशी रक्षा सावडताना स्मशानातल्या माणसाने राखेतून ती दाढ उचलली होती. मूळ आणि मुकुट, जशीच्या तशी. त्याने ती फुंकून पुसली आणि पुढे केली.

"डॉक्टर, हे तुमच्यातलं काम दिसतंय," तो म्हणाला. "पक्कं केलंय."

*

वाचनाच्या खोलीत तहसीनने डबी उघडली. चिमट्याने दाढ उचलली, भिंगाखाली धरली.

"मुकुट बघा की सर. नवाकोरा."

"नागपूरला दाखवला होता मी."

तिने मुकुट सोडवून बाजूला ठेवला, मुळाच्या पोटातली काचेची कांडी काढली, आणि यंत्रात बसवली. प्रणाली भिंतीला टेकून उभी होती. मगदूम खुर्चीत ताठ बसले होते, पेशंट बसतात तसे, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून.

"शेवटापासून लावू?"

"शेवटापासून. चौदा तारीख. संध्याकाळी पावणेसहा."

तहसीनने शोधलं. मग पुन्हा शोधलं. मग ती पडद्याच्या जवळ गेली, जणू अंतर कमी केल्यावर काही दिसणार होतं.

"चौदा तारखेला काही नाही, सर."

"तेरा बघ. तारीख सरकली असेल."

"तेराला पण नाही."

"मग बारा बघ! मोजत काय बसलीस?"

तहसीन मागे मागे जात राहिली. महिना, वर्ष, वर्ष. पडद्यावरची रेघ सपाट होती, एकसारखी, मिरज-पंढरपूर रस्त्यासारखी. पाच वर्षं मागे. आठ. प्रणालीने भिंत सोडली आणि ती वडिलांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"काच जळली असणार," मगदूम म्हणाले. "उष्णतेने पुसली गेली."

"नाही सर. कारखान्यातली खूण शाबूत आहे. आणि हे बघा, अगदी सुरुवातीला नोंदी आहेत. चार. पुसली असती तर त्याही गेल्या असत्या."

"मग यंत्र बिघडलंय."

तहसीनने कपाटातून कंडक्टरांची कांडी काढली, तीच यंत्रात घातली. "पुढं सरका, पुढं सरका," कंडक्टर म्हणाले. तिने ती काढून ठेवली आणि पद्मजाबाईंची पुन्हा बसवली.

"एकूण चार नोंदी, सर. बत्तीस सेकंद. सगळ्या एकाच दिवसाच्या, अकरा वर्षांपूर्वीच्या."

तो मुकुट बसवल्याचा दिवस होता. मगदूमांना तारीख पाठ होती. ती निबंधात छापलेली होती.

"लाव," ते म्हणाले.

टक्. टक् टक्. कोरडा आवाज, दातावर दात. मध्ये अन्न नव्हतं, कागद होता. मुकुट बसवल्यावर निळा कागद दातांमध्ये धरून पेशंटला चावायला लावतात. जिथे उंच असेल तिथे निळा ठिपका गडद उमटतो, तेवढं घासून काढायचं. मग एका बाईचा आवाज आला, जाड, घुमणारा, जवळचा.

'अहो, उंच लागतोय.'

"हा तिचा आवाज नाही," मगदूम पटकन म्हणाले.

"हा त्यांना स्वतःला ऐकू यायचा तो," तहसीन म्हणाली.

टक् टक्. मध्ये काही क्षण शांतता. दुसरी नोंद.

'नाही, तसा थोडासाच. पण पहिल्यांदा तोच लागतोय.'

पुन्हा शांतता.

"मध्ये कोण बोलतंय, सर?" तहसीनने विचारलं.

"मी."

"काय म्हणताय?"

मगदूमांना त्या दिवसाचं सगळं आठवत होतं. बारा मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ कागद कपाटात होता, वरच्या खणात. हाताशी होता तो दोनशेचा, जाड. जाड कागदाने सगळ्याच दातांवर सारखंच निळं उमटतं. निबंधासाठी फोटो काढणारा दारात उभा होता आणि त्याला फोटो काढायला सांगलीचं एक लग्न गाठायचं होतं.

"सवय होईल म्हणतोय," ते म्हणाले.

टक्. तिसरी नोंद.

'किती दिवसांत होईल?'

शांतता. टक् टक्. यावेळी जरा जोरात. फोटोसाठी 'नीट चाव' असं त्यांनी सांगितलं होतं. चौथी नोंद.

'बरं. ठीक आहे.'

मग रेघ सपाट झाली आणि अकरा वर्षं सपाट राहिली.

तहसीनने यंत्र बंद केलं. रस्त्यावरून एक टेम्पो भाजीचे दर सांगत गेला. मग प्रणाली खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली,

"आई उजवीकडून जेवायचीच नाही, बाबा."

"कधीपासून?"

"मी बारावीत होते तेव्हापासून. भाकरी बारीक मोडून डावीकडे ढकलायची. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुम्ही समोरच बसायचात."

मगदूम मान वळवून तिच्याकडे बघत राहिले.

"उजवी आधी टेकते म्हणायची. जोर दिला की कानापर्यंत कळ जाते. मग सगळा भार डावीवर. मग डावी दुखायची. अलीकडे कायमच. लवंग धरून बसायची दुपारची."

"कायमच म्हणजे..." मगदूम थांबले. डावीकडचं दुखणं जर बाईंना रोजचंच होतं, तर एखाद्या दिवशीचं वेगळं दुखणं त्यांना वेगळं वाटलं असतं का, हा पुढचा प्रश्न होता. तो बावीस वर्षांच्या त्या तासात कुठेच नव्हता. "मला कधी बोलली नाही ती."

"बोलली असेल, बाबा," प्रणाली म्हणाली. "जेवताना."

तहसीनने कांडी पुन्हा मुळात बसवली, मुकुट वर चढवला, दाढ डबीत ठेवली आणि डबीचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही, म्हणून तिने अंगठ्याने दाबलं.

*

घरी आल्यावर मगदूम वर गेले नाहीत, खाली दवाखान्यात गेले. अकरा वर्षांपूर्वी घेतलेलं पद्मजाबाईंच्या दोन्ही जबड्यांचं त्रिमितीय चित्र संगणकात होतं. ते चित्र मुकुटाशी जुळवून पाहायची कधी गरज पडली नव्हती, कारण तक्रार नव्हती. त्यांनी मुकुट डबीतून काढून मापनयंत्राखाली ठेवला. हा पदार्थ आगीत बदलत नाही, हेही त्यांनीच सिद्ध केलेलं होतं. यंत्राने वरचा जबडा आणला, खालचा आणला, दोन्ही एकमेकांवर टेकवले.

तेवढ्यात त्यांनी केसपेपर काढला. अकरा ओळी भरलेल्या होत्या. बाराव्या ओळीत तारीख घातली. हिरडीचा रकाना सोडला, हाडाचा सोडला. 'तक्रार' या रकान्यापुढे पेन टेकवलं, आणि तिथे शाईचा एक निळा ठिपका उमटला.

वर प्रणालीने हाक मारली. पावणेसहा वाजले होते, पानं वाढली होती.

यंत्राने आकडा दाखवला. मुकुट नव्वद मायक्रॉन उंच होता.

नव्वद मायक्रॉन घासून काढायला साधारण चार मिनिटं लागतात.